सम वेग की सम श्रम? कोकणातल्या रस्त्यावरच्या पेसरचं विज्ञान

पाठीवर ‘२:३०’ लिहिलेला झेंडा लावून अर्धमॅरेथॉनला उभा राहणारा पेसर स्वतः त्याहून पंधरा-वीस मिनिटं तरी लवकर पोचू शकणारा असतो. या कामाला माणसं तशीच निवडतात. मानधन नसतं. मिळतो बिब (छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद), टी-शर्ट आणि तो झेंडा. त्या बदल्यात २१.०९७५ किलोमीटर बरोबर अडीच तासांत संपवायचे आणि मागे येणाऱ्या घोळक्याला, धावणाऱ्यांच्या बोलीत ‘२:३० च्या बस’ला, सोबत न्यायचं. अडीच तासांचे ९,००० सेकंद, त्याला अंतराने भागलं की येतात किलोमीटरला ७ मिनिटं ७ सेकंद. इथवरचा हिशेब शाळकरी पोरही करेल.

पण हे ७:०७ प्रत्येक किलोमीटरला जसंच्या तसं ठेवायचं का? सपाट रस्ता आणि कोरडी हवा असेल तर बहुतेक वेळा हो. कोकणात पेसर म्हणून धावताना मात्र माझं मत अगदी उलट झालं आहे. इथला रस्ता सारखा वरखाली होतो आणि हवा घाम सुकू देत नाही. अशा ठिकाणी सारखा ठेवायचा तो श्रम. वेग कमीजास्त होऊ द्यायचा आणि शेवटची बेरीज तेवढी जुळवायची.

मुळात पेसर लागतो कशाला, इथून सुरुवात करू. ताज्या पायांना आपला वेग कळत नाही. सुरुवातीला शरीराचं आतलं तापमान कमी असतं, स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या इंधनाचा, साठा भरलेला असतो, रक्तात ॲड्रेनालिन उसळलेलं असतं. त्यामुळे जास्त वेगही हलका वाटतो. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड मैदानावर रॉजर बॅनिस्टरने ४ मिनिटांच्या आत मैल धावून दाखवला, तेव्हा पहिल्या फेरीत त्याला वेग कमी वाटत होता. पुढे धावणाऱ्या ख्रिस ब्रॅशरला त्याने ओरडून आणखी जोरात धावायला सांगितलं. ब्रॅशरने ऐकलं नाही, आपला वेग धरून ठेवला. ती फेरी ५७.५ सेकंदांत झाली होती, म्हणजे हवी होती त्याहून जलदच. पुढे ख्रिस चॅटअवेने सूत्रं घेतली आणि बॅनिस्टरची वेळ लागली ३ मिनिटं ५९.४ सेकंद. जगातल्या उत्तम धावपटूलाही पहिल्या मिनिटात आपला वेग ओळखता आला नव्हता. मग पहिल्यांदाच २१ किलोमीटर धावणाऱ्या बँकेतल्या ताईंना किंवा आंबा बागायतदाराला तो ओळखता यावा, ही अपेक्षा चुकीचीच. म्हणून पेसरचं सगळ्यात अवघड काम पहिल्या तीन किलोमीटरमध्ये असतं. मागून ‘जरा दामटूया ना’ असं येत राहतं आणि आपण हसून तोच वेग ठेवायचा असतो.

झेंड्यांवर २:००, २:१५, २:३० असे गोल आकडे असतात त्यालाही आधार आहे. मॅरेथॉन पूर्ण केलेल्यांच्या जवळपास एक कोटी वेळा अर्थशास्त्रज्ञांनी तपासल्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ४ तासांच्या जरा अलीकडे माणसांची स्पष्ट गर्दी दिसली आणि जरा पलीकडे ओसाडी. गोल आकडा डोळ्यासमोर असला की माणूस शेवटी जोर काढतो. पेसर तोच आकडा पाठीवर घेऊन चालता-बोलता पुढे धावत असतो.

आता रस्त्याकडे येऊ. रत्नागिरीहून भाट्ये पूल ओलांडला की फणसोप, गोळपवरून पावसला जाणारा रस्ता घ्या. खाडीच्या पातळीवरून निघतो, कातळाच्या सड्यावर, म्हणजे उंचावरच्या उघड्या माळावर, चढतो, पुन्हा खाली उतरतो. कोकणातला जवळजवळ प्रत्येक किनारी रस्ता याच जातीचा. समजा, आपल्या शर्यतीत १ किलोमीटर ५ टक्के चढ आणि पुढे १ किलोमीटर तेवढाच उतार आहे. शरीरक्रियाशास्त्रज्ञ अल्बर्टो मिनेत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांवरून हिशेब केला, तर ५ टक्के चढावर सपाटीपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त ऊर्जा लागते आणि ५ टक्के उतारावर वाचते ती साधारण २४ टक्के. चढाने घेतलेलं उतार पूर्ण परत करत नाही. मधला फरक धावणाऱ्याच्या खिशातून जातो.

श्रम काटेकोर सारखे ठेवायचे तर चढाचा किलोमीटर ७:०७ ऐवजी ९:१५ ला येईल आणि उताराचा ५:२६ ला. कागदावर हे बरोबर आहे, बसला मात्र झेपणारं नाही. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच आकुंचन पावून शरीराला आवरत असतो. या प्रकारच्या कामात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जी कळ येते ती याचीच. ५:२६ ने उतरवलेली बस सतराव्या किलोमीटरला मोडते. म्हणून मी मधला मार्ग धरते: चढ ८:१० ला, उतार ६:४० ला. दोन्ही मिळून १४:५० झाले. सपाटीवर ते १४:१४ झाले असते. तोटा ३६ सेकंदांचा. तो उरलेल्या १९ किलोमीटरवर वाटला तर प्रत्येकी दोन सेकंदसुद्धा येत नाहीत. सपाटीला ७:०५ धरलं की हिशेब जमला. याउलट चढावरही ७:०७ चा हट्ट धरला, तर त्या सात मिनिटांत बसमधल्या अर्ध्या लोकांचा श्वास तुटतो आणि पुढच्या दहा किलोमीटरमध्ये तो परत मिळत नाही.

हा सगळा हिशेब मनगटावरच्या पट्टीत मावतो. बोटभर रुंद कागद, त्यावर प्रत्येक किलोमीटरच्या पाटीला घड्याळात किती वेळ दिसायला हवा तो आकडा, वरून पारदर्शक चिकटपट्टी, कारण घामाने शाई पसरते. चढाच्या ओळीला मी लाल खूण करते. ही पट्टी दुसऱ्या शर्यतीत चालत नाही, दर रस्त्याला नवी करावी लागते. त्यासाठी रस्ता आधी एकदा धावून किंवा निदान दुचाकीवरून पाहून यावा लागतो.

जीपीएस घड्याळ असताना कागद कशाला, असं विचारतात. शर्यतीचा मार्ग खुणा केलेल्या सायकलने मोजतात, तोही वळणांच्या आतल्या कडेने, सगळ्यात कमी अंतराच्या रेषेने. आणि कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे १ मीटर जास्त धरतात. आपण गर्दीतून, पाण्याच्या टेबलाकडे वळत, वळणं बाहेरून घेत धावतो. त्यात माडांखाली आणि डोंगराच्या कुशीत उपग्रहाचा संदेश भरकटतो. घड्याळाने १ टक्का जास्त दाखवलं तर शर्यत संपताना त्यावर २१.३ दिसतील. घड्याळातल्या ७:०७ वर विसंबलेला पेसर दीड मिनिट उशिरा पोचेल. पाटी दिसली की बटण दाबायचं आणि पट्टी बघायची, हेच खात्रीचं.

चढ निदान डोळ्यांना दिसतो. हवेतली ओल दिसत नाही, आणि कोकणात शर्यत बिघडवते ती जास्त करून हीच. ६० किलो वजनाचा माणूस किलोमीटरला साधारण ६० किलोकॅलरी खर्च करतो. ७:०७ च्या वेगाने तासाला सुमारे ५००, आणि त्यातला बराच मोठा भाग, ४०० च्या आसपास, निव्वळ उष्णता होऊन बाहेर पडायला बघतो. १ ग्रॅम घामाची वाफ झाली की ०.५८ किलोकॅलरी उष्णता जाते. म्हणजे सगळं काम घामावर सोपवलं तर तासाला ७०० मिलिलिटर घाम वाळायला हवा. ‘वाळायला’ हे महत्त्वाचं. हनुवटीवरून टपकलेला घाम शरीरातलं पाणी आणि मीठ घेऊन जातो, थंडावा मात्र काहीच देत नाही.

घाम किती वाळेल हे त्वचेवरचा बाष्पदाब (पाण्याच्या वाफेचा दाब) आणि हवेतला बाष्पदाब यांच्या फरकावर ठरतं. ३४ अंशांच्या ओल्या त्वचेवर तो सुमारे ५.३ किलोपास्कल असतो. पुण्याच्या थंडीतल्या पहाटे, समजा १४ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेत, हवेतला दाब १.१ असतो. फरक ४.२. किनाऱ्यावर २४ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर हवेतला दाब २.७ भरतो. फरक उरला २.६. तापमान फक्त दहा अंशांनी वाढलं, पण घाम वाळवणारा जोर चाळीस टक्क्यांच्या जवळपास घटला. पुण्याहून खास येऊन रत्नागिरीत धावणारे ‘सूर्य तर अजून वर आलाही नाही’ म्हणत दहाव्या किलोमीटरला चिंब होतात, बुटांत पचपच वाजायला लागतं, ते यामुळे.

उष्णता बाहेर गेली नाही की शरीर जास्त रक्त त्वचेकडे पाठवतं. घामाने रक्तातलं पाणी कमी झालेलं असतंच. हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, प्रत्येक ठोक्यामागे कमी रक्त पंप होतं, म्हणून ठोके वाढतात. वेग तोच, रस्ता सपाट, तरी हृदयगती चढत जाते. म्हणजे दमट हवेत सम वेग ठेवला तरी श्रम सम राहत नाहीत, दर किलोमीटरला वाढतच जातात. हे जाणून पहिले पाच-सहा किलोमीटर पट्टीपेक्षा किलोमीटरला दोन-तीन सेकंद मागे राहिलेली बस पुढे टिकते. पेसरजवळ यासाठी साधं आणि भरवशाचं माप असतं ते बोलण्याचं. पाचव्या किलोमीटरला मी मागच्यांना गावाचं नाव, घरी कोण कोण, असं विचारत जाते. पूर्ण वाक्यात उत्तर आलं तर श्रम बरोबर आहेत. दोन शब्दांवर उत्तर थांबायला लागलं आणि अजून निम्मं अंतर बाकी असलं, तर आकडा काहीही म्हणो, बस जोरात चालली आहे.

पेसर वारा अडवतो, असंही बऱ्याच जणांना वाटतं. १२ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हिएन्नात केनियाचा धावपटू एलिउड किपचोगे १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर धावला, तेव्हा ४१ पेसर आळीपाळीने त्याच्याभोवती रचना करून धावत होते. अधिकृत विक्रम म्हणून ती वेळ धरली गेली नाही, याचं एक कारण हे पेसरच. त्याचा वेग होता सेकंदाला सुमारे ५.९ मीटर, आपल्या बसचा २.३. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे शांत हवेत आपल्याला होणारा विरोध त्याच्या साधारण एक षष्ठांश. वारा पडलेला असताना घोळक्यात दाटीने धावून काही हाती लागत नाही. उलट अंगाभोवतीची ओली हवा तिथेच कोंडते. दमट, स्तब्ध पहाटे मी बसला सांगते, सुटे धावा, हातभर अंतर ठेवा.

चित्र पालटतं ते वाऱ्याने. रात्रभर जमीन समुद्राहून जास्त निवते आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, खाडीच्या पात्रातून तर जास्तच. रस्ता पूर्वेकडे वळला आणि समोरून सेकंदाला ४ मीटरचा वारा आला, तर आपल्या २.३ मध्ये ते ४ मिळवायचे. झाले ६.३. किपचोगेला व्हिएन्नात लागला असता त्याहून जास्त वारा अडीच तासांच्या बसला लागतो! तेवढ्या पट्ट्यात दोन-दोनच्या रांगा करून मागे यायला सांगायचं, पेसरने पुढे राहायचं. पूर्ण मॅरेथॉनच्या मागच्या बसना दिवस वर आल्यावर दिशा बदललेले खारे वारे भेटतात, तेव्हा हाच उपाय उलट्या दिशेला.

पाण्याबाबत दोन्ही टोकं वाईट. बोस्टन मॅरेथॉनमध्ये २००२ साली तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी आढळलं, आणि त्यामागे मुख्यतः गरजेपेक्षा जास्त पाणी पिणं होतं. मंद बसमध्ये ही जोखीम जास्त, कारण पाण्याची टेबलं तेवढीच आणि वेळ मात्र भरपूर. तहान लागेल तसं घोट-घोट प्या, एवढंच मी सांगते. वाडीवरच्या मंडळींनी मीठ घातलेलं कोकम सरबत पुढे केलं तर अवश्य घ्या.

उष्माघात मात्र ओळखताच आला पाहिजे. पावलं वेडीवाकडी पडणं, चिडणं, ‘कितवा किलोमीटर?’ याला भलतंच उत्तर येणं, ही लक्षणं दिसली की त्या माणसाला तिथेच थांबवायचं. अंगावर घाम आहे म्हणून धोका नाही, असं समजायचं नाही. धावणाऱ्याला घामाने निथळत असतानाही उष्माघात होतो. आधी गार करायचं, मग दवाखान्यात हलवायचं: सावली, अंगभर थंड पाणी, बर्फ असेल तर काखेत, मानेवर, जांघेत, आणि त्याच वेळी वैद्यकीय मदतीला फोन. एका बसला दोन पेसर असावेत असा माझा आग्रह असतो तो यासाठी. एक थांबतो, दुसरा झेंडा पुढे नेतो.

शेवटचे दोन किलोमीटर राहिले की ज्यांच्यात जोर शिल्लक आहे त्यांना पुढे सोडायचं. पेसरने स्वतः मात्र पट्टी सोडायची नाही. २:२७ ला पोचलेला पेसर २:३२ ला पोचलेल्याइतकाच चुकलेला असतो, कारण त्याला धरून धावणारी दोन-चार माणसं त्या तीन मिनिटांपायी वाटेत गळालेली असतात. माझ्या लेखी २:२९:३० ते २:३० एवढीच खिडकी. जो मागे पडतो त्याच्यासाठी थांबता येत नाही. त्याला सांगायचं, चालत राहा, २:४५ ची बस मागून येतेय, तिला धर.