ओके कोरलच्या आधीचे सात महिने : डॉक हॉलिडेवरचा आळ

ओके कोरलचा गोळीबार म्हणजे १८८१ मध्ये अमेरिकेच्या पश्चिमेत वायट अर्प, त्याचे भाऊ आणि डॉक हॉलिडे एका बाजूला, क्लॅंटन-मॅक्लॉरी गट दुसऱ्या बाजूला, अशी झालेली चकमक. त्याबद्दल बोलताना सगळे त्या तीसेक सेकंदांवरच अडकतात, पण मला विचाराल तर ती गोष्ट सात महिने आधी सुरू होते, वायटच्या मित्रावर, डॉकवर, आलेल्या एका आळापासून.

१५ मार्च १८८१ ची रात्र. ॲरिझोनातलं टूम्बस्टोन, चांदीच्या खाणींमुळे बघता बघता उभं राहिलेलं गाव, तिथून बेन्सनला चांदी घेऊन निघालेली घोडागाडी दरोडेखोरांनी अडवली. गाडीवान बड फिलपॉट आणि एक प्रवासी जागीच किंवा थोड्या वेळात मेले, पण घोडे उधळले, रखवालदार बॉब पॉलने उलट गोळ्या झाडल्या, त्यामुळे लुटारूंच्या हाती काहीच लागलं नाही. माग काढणाऱ्या तुकडीत वायट अर्प होता, त्याचे भाऊ होते. त्यांनी ल्यूथर किंगला धरलं, त्याने लेनर्ड, हेड आणि क्रेन अशी तीन नावं सांगितली, आणि मग हाच किंग शेरिफ जॉनी बेहानच्या कोठडीतून पळाला!

आता लेनर्ड हा डॉक हॉलिडेच्या जुन्या ओळखीतला. तेवढ्यावर गावात कुजबुज सुरू झाली की डॉक पण सामील होता. डॉक म्हणजे जॉर्जियाचा शिकलेला डेंटिस्ट, टीबीने पोखरलेला, पत्त्यांवर जगणारा, तापट, त्याच्याबद्दल लोकांनी काहीही मानलं असतं. पण डॉज सिटीत आपण गुंडांच्या घोळक्यात सापडलो तेव्हा यानेच जीव वाचवला असं वायट शपथेवर सांगायचा, आणि ते तो विसरला नव्हता.

जुलैमध्ये डॉकचं त्याची जोडीदार केट हिच्याशी भांडण झालं, तिने दारूच्या नशेत त्याच्याविरुद्ध जबाब सही करून दिला आणि बेहानने डॉकला अटक केली. ५००० डॉलरचा जामीन, जामीनदारांत वायट होताच. केट शुद्धीवर आल्यावर फिरली, सरकारी वकिलाला पुरावा दिसेना, केस काही दिवसांत पडली. पण कोर्टातून सुटलं म्हणून गावातली कुजबुज थोडीच थांबते.

वायटचा खरा डाव आधीच सुरू होता. मौल्यवान माल पोचवणाऱ्या वेल्स फार्गो कंपनीने त्या तिघा दरोडेखोरांवर मिळून ३६०० डॉलर लावलेले, वायट त्यांच्याच ओळखीतल्या आइक क्लॅंटनला म्हणाला, बक्षीस सगळं तुझं, मला फक्त ती माणसं दे. त्याला शेरिफ व्हायचं होतं, हे त्याने नंतर साक्षीत स्वतःच सांगितलं (शेरिफकडे करवसुली असायची आणि त्यात वाटा, म्हणून ती खुर्ची एवढी मोठी). पण माझ्या मते ते तिघं जिवंत हाती लागले असते तर डॉकचं नाव पण तिथेच साफ झालं असतं. नेमकं तेच झालं नाही, लेनर्ड आणि हेड जूनमध्येच मारले गेले, क्रेन ऑगस्टमध्ये.

उरली आइकची भीती. हा सौदा त्याच्या साथीदारांना कळला तर तो संपलाच, आणि वायटने डॉकला सांगितलंय असा संशय त्याच्या डोक्यात बसला. २५ ऑक्टोबरच्या रात्री डॉक आणि आइकची जोरदार बाचाबाची झाली, दुसऱ्या दिवशी दुपारी ओके कोरलच्या गोळीबारात आइकचा भाऊ बिली क्लॅंटन आणि दोघे मॅक्लॉरी भाऊ मेले. आइक पळून वाचला.

पुढच्या मे महिन्यात डॉक डेन्व्हरला पकडला गेला, क्लॅंटनच्या गटातल्या फ्रॅंक स्टिलवेलच्या खुनासाठी, आणि तिथे तो निर्दोष होता असं मी म्हणणार नाही. तेव्हा वायटचा मित्र, ट्रिनिडाद गावाचा मार्शल (पोलीसप्रमुख) बॅट मास्टरसन धावला, त्याला डॉक आवडायचा नाही, तो आला वायटसाठी. कोलोरॅडोच्या गव्हर्नर पिटकिनने डॉकला ॲरिझोनाकडे द्यायला नकार दिला.

डॉक १८८७ मध्ये ग्लेनवूड स्प्रिंग्सला ३६ व्या वर्षी गेला. घोडागाडीच्या त्या केसमध्ये त्याच्यावर खटला कधी उभाच राहिला नाही.