३८३ स्ट्रोकर इंजिन : जुळणीतील मोकळीक

शेव्हर्लेच्या ३५० घनइंची व्ही-८ इंजिनाच्या ब्लॉकमध्ये त्याच घराण्यातल्या ४०० घनइंची इंजिनाचा लांब स्ट्रोकचा (स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव) क्रँकशाफ्ट, म्हणजे क्रँक, बसवला की ३८३ स्ट्रोकर तयार होते. 'स्मॉल ब्लॉक' नावाचे हे घराणे १९५५ मध्ये २६५ घनइंची इंजिनापासून सुरू झाले. ३५० चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ४ इंच आणि स्ट्रोक ३.४८ इंच असतो. बोअर ३० थाऊने (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढवून ४.०३० इंच केला आणि स्ट्रोक ३.७५ इंच झाला, की आठ सिलिंडरांचे मिळून सुमारे ३८२.७ घनइंच, म्हणजे जवळपास ६,२७० घनसेंमी भरतात. ४०० च्या क्रँकचे मेन जर्नल (ब्लॉकमधल्या मुख्य बेअरिंगांत फिरणारे भाग) २.६५ इंचांचे असल्याने ते घासून २.४५ इंचांवर आणावे लागत. आता थेट त्या मापाचे क्रँक मिळतात.

सुटे भाग बाजारात तयार मिळतात, म्हणून हे काम सोपे वाटते. पण ब्लॉक ज्या क्रँकसाठी ओतला गेला, तो क्रँक आता त्यात नाही. कारखान्याने राखलेली मोकळीक कारखान्याच्याच भागांपुरती होती. एक भाग बदलला की आजूबाजूची सगळी मापे बांधणाऱ्याने स्वतः घ्यायची असतात.

स्ट्रोक ०.२७ इंचाने वाढला, म्हणजे क्रँकपिन (क्रँकवर रॉड बसतो ती खुंटी) केंद्रापासून त्याच्या निम्मी, १३५ थाऊ (सुमारे ३.४ मिमी) बाहेर सरकली. कनेक्टिंग रॉडचा मोठा डोळा तेवढ्याच मोठ्या वर्तुळात फिरू लागतो आणि दोन ठिकाणी अडतो. खाली, ऑइल पॅन जिथे बोल्टने बसतो ती ब्लॉकची कड आणि सिलिंडरचे खालचे टोक. वर, क्रँकच्या डोक्यावरच बसलेल्या कॅमशाफ्टचे (थोडक्यात कॅम) लोब, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे उंचवटे. दोन्हीकडे आधी पोचतो तो रॉडच्या बोल्टचा कोपरा.

हे तपासण्यासाठी इंजिन आधी कच्चे जुळवतात. बेअरिंगना तेल लावून क्रँक बसवायचा, कॅम आणि टायमिंग चेन खुणेवर लावायची, पिस्टन रिंगांशिवाय घालायचे आणि क्रँक हाताने सावकाश पूर्ण दोन फेरे फिरवायचा. कॅमचा एक फेरा क्रँकच्या दोन फेऱ्यांत होतो, म्हणून एका फेऱ्यात काही अडले नाही एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. चेन चुकीच्या दातावर असेल तर मिळालेले माप त्या इंजिनाचे नव्हेच. प्रत्येक रॉडपाशी साधारण ६० थाऊ मोकळीक हवी. वर्कशॉपच्या भाषेत अर्धा सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). तेवढ्या जाडीची तार वाकवून फटीतून फिरवली की झाले. ती जिथे अडकेल तिथे मार्करने खूण करायची.

ब्लॉकची कड ग्राइंडरने घासून जागा करता येते, पण थोडे घासून पुन्हा फिरवून पाहायचे. भिंतीपलीकडे पाण्याचा कप्पा आहे आणि तो फुटला तर ब्लॉक वाया जाण्याची भीती असते. घासण्याआधी तेलाच्या वाटा बंद कराव्यात, नंतर ब्लॉक कसून धुवावा; मागे राहिलेला बिडाचा कीस बेअरिंग खातो.

कॅमकडची अडचण जास्त गुंतागुंतीची. नटबोल्टच्या जुन्या रॉडचा खांदा घासता येतो, पण मग रॉडचे वजन बदलते आणि बॅलन्सिंग पुन्हा आले. लहान बेस सर्कलचा (लोबच्या मुळाशी असलेल्या वर्तुळाचा) कॅम घेतला तर लोब आत सरकतात. मात्र त्याचा दांडा बारीक असल्याने तो कमी ताठ असतो, टॅपेट (लोबवर टेकून वर-खाली होणारे भाग) खाली बसतात आणि त्यांची हालचाल रॉकरपर्यंत नेणारे पुशरॉड लांब घ्यावे लागतात. म्हणजे रॉकरची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफेची) भूमिती नव्याने जुळवायची. त्यापेक्षा खांद्याला कमी जागा घेणारे, नटाऐवजी टोपीच्या स्क्रूने आवळायचे स्ट्रोकर रॉड सुरुवातीलाच घेणे शहाणपणाचे. खर्च दिसतो, पण पुढची साखळी थांबते.

पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट मुलांच्या खेळातल्या क्लेने मोजतात. पिस्टनच्या माथ्यावर क्लेची वडी ठेवायची, वर तेलाचे बोट फिरवायचे, जुन्या दबलेल्या गॅस्केटसह हेड आवळायचे आणि दोन फेरे द्यायचे. हेड काढले की वडीवर व्हॉल्व्हचा ठसा असतो. ती ब्लेडने कापून सर्वांत पातळ जागी माप घ्यायचे. हायड्रॉलिक (आत तेल भरलेले) टॅपेट असतील तर स्प्रिंगच्या दाबाखाली ते दबतात आणि फट खोटी मोठी दिसते, म्हणून तपासणीपुरते सॉलिड टॅपेट किंवा हलक्या स्प्रिंगा लावतात. पोलादी रॉडसह इनटेकला किमान ८० थाऊ आणि एक्झॉस्टला १०० थाऊ हा सर्वमान्य अंदाज. एक्झॉस्टला जास्त, कारण तो व्हॉल्व्ह अधिक तापून लांबतो आणि बंद होताना वर येणारा पिस्टन त्याच्या पाठीच लागलेला असतो. ही गाठ पिस्टन अगदी वर असताना पडत नाही. एक्झॉस्टची साधारण १० अंश आधी, इनटेकची तितकीच नंतर. कॅम पुढे केला (व्हॉल्व्ह लवकर उघडतील असा लावला) तर इनटेक जवळ येतो, मागे केला तर एक्झॉस्ट.

फट कमी पडली तर पिस्टनवरचे व्हॉल्व्हचे खळगे खोल करतात, अर्थात माथ्याची जाडी आधी मोजून. जाड गॅस्केट हा सोपा मार्ग मला पटत नाही. पिस्टन आणि हेडमधले अंतर ४० थाऊच्या आसपास असेल तर मिश्रण नीट घुसळते आणि नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी होणारा भडका) आवरते. तिथे गॅस्केट जाड केले की नॉकिंगला वाट मोकळी होते, शिवाय कॉम्प्रेशनही उतरते.

बेअरिंगला मोकळीक जर्नलच्या व्यासाच्या दर इंचाला एक थाऊ, म्हणजे इथे मेनला अडीच थाऊ. पिस्टन रिंगच्या दोन टोकांमधली फट, टर्बो नसलेल्या रस्त्यावरच्या इंजिनात, बोअरच्या दर इंचाला साधारण साडेचार थाऊ, म्हणजे १८ थाऊ. फोर्ज्ड (दाबून घडवलेल्या) पिस्टनला ओतीव पिस्टनपेक्षा भिंतीपाशी जास्त जागा लागते, कारण तो तापून अधिक फुगतो. त्याबाबत पिस्टन बनवणाऱ्याचा कागद शेवटचा.

शेवटी ऑइल पॅन. मोठ्या वर्तुळात फिरणारे रॉड आणि क्रँकची वजने पॅनला, डिपस्टिकच्या नळीला लागत नाहीत ना, हे पॅन लावून, क्रँक फिरवून, आवाज ऐकून पाहतात. पंपाची जाळी पॅनच्या तळापासून दोन ते तीन सूत वर असावी. इथेही तोच क्ले : जाळीवर गोळी चिकटवायची, पॅन गॅस्केटसह दाबून बसवायचा आणि काढून चपटी झालेली गोळी मोजायची.