जनानखान्यात कॅमेरा गेलाच नाही?

जुन्या संस्थानांचे फोटो फिरू लागले की खाली एक वाक्य हमखास असतं: ‘तेव्हा गोषातल्या बायकांचे फोटो काढलेच जात नसत.’ जयपूरपुरतं तरी हे साफ चुकीचं आहे. तिथे फोटो काढणारा स्वतः महाराजाच होता.

सवाई रामसिंह दुसरे (कारकीर्द १८३५ ते १८८०) यांना कॅमेऱ्याचं वेड होतं. १८६० च्या दशकात त्यांनी जनानखान्यातल्या स्त्रियांना समोर बसवून काचेच्या निगेटिव्हवर टिपलं. त्या काचा जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये आजही आहेत. मागे रंगवलेला पडदा, खाली गालिचा, शेजारी विलायती खुर्ची. आणि घागरा-ओढणीतली बाई थेट भिंगाकडे बघतेय. चेहरा झाकलेला नाही. मात्र या पट्टराण्या नव्हेत, बहुतेक उपस्त्रिया आणि सेविका. तेव्हा अशा फोटोंखाली दिली जाणारी ‘राण्यांचे दुर्मीळ फोटो’ ही ओळही तितकीच फसवी.

चेहरे गंभीर का, तर म्हणे कॅमेरा आत्मा ओढून घेतो ही भीती! कारण साधं आहे. काचेवर कलोडियन नावाचं चिकट रसायन ओतायचं, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली असतानाच फोटो काढून लगेच अंधाऱ्या खोलीत धुवायची. भिंग काही सेकंद उघडं राही. तेवढा वेळ हसू धरून ठेवून बघा, गाल थरथरतात. बरं, फोटोसाठी हसायची पद्धत तरी कुठे होती? रामसिंहांनी स्वतःचेही फोटो काढवून घेतले, एकात तर शिवभक्ताच्या वेषात. तिथेही हसू नाहीच.