सावरीखालचा एक तास

थंडीत पक्षी बघायला भिगवणला जायचं, हे आता कित्येक घरांत ठरून गेलंय. पण मार्च आला, पट्टकादंब हंस उत्तरेला निघाले, की दुर्बिणी परत कपाटात जातात. मला याची फार हळहळ वाटते. शिमग्याच्या आसपासचे हे दिवस लहान मुलांना पक्षी दाखवायला सगळ्यांत सोपे. तळ्यावरचं बदक लांब, पाण्यापलीकडे असतं. फुललेल्या काटेसावरीवरचा पक्षी थेट डोक्यावर, आणि झाडावर पानच नसल्यामुळे त्याला लपायला जागा नसते.

गेल्या वर्षी आम्ही घरची मंडळी पौडच्या पुढे अशाच एका सावरीखाली सतरंजी टाकून बसलो. मुलीने खाली पडलेलं फूल उचललं. तळहाताएवढं, लालभडक, जाड मांसल पाकळ्यांचं, मधोमध पुंकेसरांचा झुपका. हे फूल हातात घेतलं की झाडाचा बेत लगेच कळतो. मधमाशीच्या डोळ्यांना लाल रंग जवळजवळ दिसतच नाही, पक्ष्यांना मात्र तो लांबून खुणावतो. पाकळ्या जाड, कारण साळुंकीसारखा वजनदार पाहुणा त्यांच्यावर रेलणार. वास नाहीच म्हटलं तरी चालेल, कारण पक्षी इथे वासाच्या मागावर येत नाहीत. मधुरस तळाशी असतो, तो प्यायचा तर तोंड केसरांत खुपसावंच लागतं. वर बसलेल्या भोरड्यांची तोंडं परागांनी माखलेली दिसत होती, आणि तशाच माखल्या तोंडाने त्या पुढच्या झाडावर जात होत्या.

भोरड्या म्हणजे गुलाबी मैना. डोकं आणि पंख काळे, पाठ-पोट गुलाबी. हिवाळ्यात ज्वारीच्या शेतांवर उतरतात म्हणून शेतकऱ्यांचा त्यांच्यावर राग असतो. वसंतात त्यांना वेगळीच घाई असते. एप्रिलमध्ये त्यांना मध्य आशिया गाठायचा असतो, कझाकस्तानच्या माळरानांपर्यंत. तिथे मे-जूनमध्ये दगडांच्या फटींत घरटी करून त्या टोळ आणि नाकतोड्यांवर पिल्लं वाढवतात. एवढ्या उड्डाणासाठी लागते ती अंगावरची चरबी. सावर, पळस, पांगारा यांच्या मधुरसातल्या साखरेचीही चरबी होते आणि प्रवासात जळते.

निघायची वेळ झाली हे त्यांना सांगतं कोण? लांबत जाणारा दिवस. आणि तो पक्ष्यांना फक्त डोळ्यांनी कळत नाही. त्यांच्या मेंदूतच प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात, कवटीतून झिरपणारा उजेड त्यांच्यापर्यंत पोचतो. दिवस मोठा झाला की संप्रेरकं वाढतात, भूक वाढते, काही जातींत गाणं सुरू होतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ तोच विचार करत होतो.

त्याच झाडावर शिंजीराचा, म्हणजे फुलांतला मधुरस पिणाऱ्या चिमुकल्या सनबर्डचा, नर होता. सावलीत तो निव्वळ काळा. मान उन्हाकडे वळली की एकदम निळा-जांभळा झळाळतो, परत वळली की काळा. तो निळा रंगद्रव्याचा नाहीच. पिसांमधल्या अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश परततो, त्यातून तो उमटतो. त्यामुळे शिंजीर बघायचा तर सूर्य आपल्या पाठीशी हवा. सकाळी सात ते नऊ ही वेळ त्यासाठी उत्तम.

एक कळकळीची विनंती. शिंजीर जवळ यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नका. नराला वाटतं हद्दीत दुसरा नर घुसला, आणि ऐन विणीच्या दिवसांत तो नसलेल्या शत्रूमागे दमत राहतो. घरटं दिसलं तर दुरूनच बघून मागे फिरा.

पाडव्यानंतर काही दिवसांनी आम्ही पुन्हा त्या सावरीखाली गेलो. भोरड्या दिसल्या नाहीत. फुलं झडली होती, आणि फांद्यांवर जागोजाग हिरवी बोंडं धरली होती.