पार्श्वभूमी: ध्रुवीय हिमात उष्णता किती खोल उतरते?

सोलापूरच्या काळ्या जमिनीत शेती-हवामानाच्या नोंदींसाठी 5, 10 आणि 20 सेंटीमीटरवर तापमापक पुरतात. मे महिन्यात वरची ढेकळं दुपारी भाजून निघतात, पण 20 सेंटीमीटरवरचा पारा थोडाच चढतो आणि तोही दिवस मावळल्यावर. उष्णतेची लाट खोलीबरोबर विरत जाते आणि उशिरा पोहोचते. या लाटेचं गणित फ्रेंच गणिती फूरिए यांनी 1822 मध्ये मांडलं. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या हिमाचा अभ्यास आजही त्यावरच उभा आहे.

हिमाचे आकडे प्रथम नीट काढले ते आबेल्स यांनी, 1890 च्या दशकात, रशियातल्या येकातेरिनबुर्ग इथे. साचलेल्या हिमातली दिवस-रात्रीची लाट मोजून त्यांनी उष्णतावाहकता घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते असं दाखवलं. घनता दुप्पट, तर वाहकता चौपट. कारण उष्णता मुख्यतः एकमेकांना चिकटलेल्या कणांमधून जाते. मधली हवा फार कमी वाहून नेते.

उन्हाळा ओलांडून टिकलेलं, दबत चाललेलं जुनं हिम म्हणजे फिर्न. घनता घनमीटरला 400 किलो धरली तर वाहकता 0.4 वॅट प्रति मीटर केल्व्हिनच्या आसपास येते. ओलसर काळी माती याच्या दुपटीहून जास्त वाहक, पण तिला तापायला उष्णताही तितकीच जास्त लागते. म्हणून लाट दोन्हींत जवळपास सारखीच खोल जाते! रोजची लाट सुमारे 12 सेंटीमीटरवर एक-तृतीयांश उरते, वर्षाची सव्वादोन मीटरवर. 10 मीटरवर वार्षिक चढउताराचा जेमतेम एक टक्का उरतो, आणि तो पोहोचायला आठ-साडेआठ महिने लागतात.

जर्मन हवामानशास्त्रज्ञ वेगेनर यांच्या मोहिमेत 1930-31 चा हिवाळा ग्रीनलंडच्या मध्यावर, आइसमिटे इथे, तिघांनी फिर्नमध्ये खोदलेल्या खोलीत काढला. त्यांतल्या झोर्गे यांनी सुमारे 15 मीटरचा खड्डा खणून खोलीगणिक घनता मोजली. पुढे 10 मीटरवरचं तापमान म्हणजे तिथल्या हवेची वार्षिक सरासरी, हा आडाखा रुळला. वर्षभर वेधशाळा चालवण्याऐवजी एक छिद्र पुरू लागलं.

हा आडाखा कोरड्या हिमापुरताच खरा आहे. अमेरिकन हिमशास्त्रज्ञ बेन्सन यांनी 1952 ते 1955 मध्ये ग्रीनलंड पालथं घालून कोरडा पट्टा आणि पाणी झिरपणारा पट्टा वेगळे दाखवले. एक किलो पाणी गोठताना 334 किलोज्यूल उष्णता सुटते; तेवढ्यात 160 किलो हिम एक अंशाने तापतं. पाणी सगळीकडे सारखं मुरत नाही, बारीक उभ्या वाटांनी घुसतं आणि थंड थरात गोठतं. वहनाला महिने लागतात तिथे ही उष्णता काही तासांत पोहोचते. अशा पट्ट्यात 10 मीटरवरचं फिर्न हवेच्या सरासरीपेक्षा कित्येक अंशांनी उबदार सापडतं.

मोजमापातही गफलत होते. ड्रिलने छिद्र तापतं, म्हणून निवळेपर्यंत थांबावं लागतं. छिद्र उघडं राहिलं तर वरची थंड, जड हवा आत उतरते. ते हिमाने भरून घट्ट दाबावंच. छिद्रात सोडलेल्या तापमान-संवेदकाच्या केबलच्या कडेने ओघळलेलं पाणी संवेदकापाशी गोठलं की आकडा एकदम उसळी मारतो. शेजारच्या दुसऱ्या छिद्रात तशीच उसळी दिसली नाही, तर पाणी केबलच्या वाटेनेच आलं असावं.