पुरुषांचं लैंगिक आरोग्य आणि रोजच्या सवयी (सोलापूरच्या संदर्भात)

कामेच्छा, लिंगाला येणारी ताठरता, वीर्यस्खलन आणि मूल होण्याची क्षमता या चार गोष्टी मिळून पुरुषाचं लैंगिक आरोग्य होतं. खाणंपिणं, तंबाखू, झोप आणि कामाची जागा यांचा त्यावर काय परिणाम होतो तेवढंच इथं बघायचंय. चारही गोष्टी वेगवेगळ्या आहेत हे आधीच सांगून टाकतो, कारण सोलापुरात काय किंवा कुठंही काय, लोक हे सगळं 'कमजोरी' या एकाच पोत्यात भरतात. ज्याला ताठरतेचा काहीच त्रास नाही त्याचे शुक्राणू कमी असू शकतात आणि ज्याचा वीर्याचा रिपोर्ट एकदम नॉर्मल आहे त्याला ताठरतेची अडचण असू शकते.

मराठीत ताठरतेच्या अडचणीसाठी जुना शब्द नपुंसकत्व. शाळेत 'ते नपुंसकलिंग' म्हणून घोकलेला शब्दच पुढं माणसाला चिकटवला की तो डॉक्टरकडं कशाला जाईल? अमेरिकेतसुद्धा १९९२ साली राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ बैठकीनं तिकडचा तसलाच हिणवणारा शब्द बाजूला ठेवून 'ताठरतेतला दोष' अशा अर्थाचा शब्द घ्यायला सांगितलं, तेव्हापासून इरेक्टाइल डिसफंक्शन हेच नाव चालतंय. दुसरा शब्द 'धात', म्हणजे वीर्य. आयुर्वेदात रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र असे सात धातू, शुक्र शेवटचा, म्हणजे सगळ्यात मेहनतीनं तयार होणारा, आणि त्यातूनच पुढं 'इतके थेंब रक्त म्हणजे एक थेंब वीर्य' हा हिशोब लोकांच्या तोंडी बसला असावा. आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो. लघवीतून धात जाते, म्हणून अंगात ताकद राहिली नाही, या भीतीनं खचलेल्या पेशंटच्या अवस्थेला मनोविकारतज्ज्ञ एन. एन. विग यांनी १९६० मध्ये 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. लघवी गढूळ दिसते ती पुष्कळदा फॉस्फेट या क्षारामुळं. हस्तमैथुनानं शरीराचं नुकसान होत नाही, हे मराठीत र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकात छापत होते, त्यापायी कोर्टाच्या पायऱ्याही चढले, तरी तीच शंका आजही नवीन असल्यासारखी विचारली जाते.

आता उष्णता. सोलापूरच्या नोंदीत हाच भाग मोठा होणार, त्याला इलाज नाही. वृषणं शरीराबाहेर लोंबतात कारण शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा २ ते ४ अंशांनी कमी तापमान लागतं. आत जाणाऱ्या रोहिणीभोवती शिरांचं जाळं असतं, त्या शिरांतलं गार रक्त आत येणाऱ्या गरम रक्ताला वाटेतच निववतं. (ह्याच शिरा फुगल्या की व्हेरिकोसील म्हणतात.) एप्रिल-मे मध्ये इथं पारा ४२-४३ ला जाणं नेहमीचंच, मग सोलापूरच्या उन्हाळ्यानंच शुक्राणू कमी होतात का? उन्हाळ्यात वीर्याचा दर्जा खालावतो हे अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात उघड्यावर काम करणाऱ्या पुरुषांमध्ये दिसलं, तो अभ्यास १९९० मध्ये छापून आला. सरळ वाटतं ना, ऊन वाढलं आणि आकडा पडला. पण त्याच संशोधकांच्या गटानं १९९२ मध्ये एसीत काम करणाऱ्यांचं तपासलं तर उन्हाळ्यातली घट तिथंही होतीच. तेव्हापासून दोन तट आहेत, एक म्हणतो उष्णता, दुसरा म्हणतो दिवसाची लांबी, म्हणजे उजेड जास्त वेळ राहिला की संप्रेरकं (हार्मोन्स) बदलतात. आता सॅन अँटोनिओ २९ अक्षांशाच्या वर, तिथं उन्हाळ्यातला आणि हिवाळ्यातला दिवस यांत जवळपास चार तासांचा फरक पडतो. सोलापूर १७.७ अक्षांशावर, इथला सगळ्यात मोठा दिवस साधारण १३ तासांचा आणि सगळ्यात लहान ११ चा, फरक दोनच तासांचा. म्हणून उजेडाचा मुद्दा तिकडं कितीही खरा असला तरी तो इथं जसाच्या तसा आणता येणार नाही असं प्रस्तुत लेखकाला वाटतं. आणि हवेतल्या उन्हापेक्षा कामाच्या जागेची आणि बसण्याच्या पद्धतीची उष्णता जास्त महत्त्वाची, हे मत जास्त पटण्यासारखं आहे.

कारण त्याला पुरावा जरा थेट आहे. भट्टीवर काम करणारे, वेल्डर, लांबचे ड्रायव्हर यांच्यावर अभ्यास झालेत. २००० सालच्या एका छोट्या फ्रेंच अभ्यासात (पुरुष फक्त ९) दोन-अडीच तास गाडी चालवल्यावर अंडकोषाचं तापमान चालतानापेक्षा सुमारे २ अंशांनी जास्त भरलं. सोलापुरात हे लागू होतं ते डाईंगमधल्या वाफेत दिवसभर उभ्या असणाऱ्याला, बेकरीच्या भट्टीपुढच्या माणसाला, आणि पुणे-हैदराबाद हायवेवर इंजिनच्या धगीत बसून ट्रक चालवणाऱ्याला. पॉवरलूमवाल्याचं थोडं वेगळं. शेडमध्ये गरमी असते, सूत तुटू नये म्हणून हवेत ओलही ठेवावी लागते, पण तो बारा तास एका लूमवरून दुसऱ्या लूमवर चालत असतो, धागा तुटला की वाकतो, गाठ मारतो, परत पुढं. बसून राहणाऱ्याइतकी जांघ त्याची तापत नाही. पाय आणि कंबर मात्र जाते.

उष्णतेचा सगळ्यात टोकाचा किस्सा आपल्या शेजारचाच आहे. मार्था फोगेली नावाच्या स्विस डॉक्टरनं साधारण १९३० ते १९५० च्या दरम्यान म्हैसूरला पुरुषांना रोज पाऊण तास, तीन आठवडे, कडक गरम पाण्यात बसवून काही महिने मूल होऊ न देण्याचा प्रयोग केला असं सांगतात. मात्र या माहितीचा आधार मुख्यतः तिचीच टिपणं आहेत, म्हणून जपूनच वाचावी, आणि घरी गर्भनिरोधक म्हणून तर मुळीच वापरू नये.

ह्याला जोडून दिवसांचा हिशोब येतो. शुक्राणू तयार व्हायला ७४ दिवस लागतात हे १९६३-६४ च्या सुमारास हेलर आणि क्लेरमाँट यांनी ठरवलं आणि पाठ्यपुस्तकांत तेच बसलं. २००६ मध्ये जड पाणी (ज्यातला हायड्रोजन नेहमीपेक्षा जड असतो, म्हणून त्याचा माग काढता येतो) पाजून केलेल्या मापनात वीर्यात शुक्राणू दिसेपर्यंतचा सगळा काळच सरासरी ६४ दिवसांचा आला, आणि माणसामाणसांत फरकही बराच निघाला. दोन्ही आकडे एकाच गोष्टीचे नाहीत, पहिला फक्त तयार होण्याचा, त्यात पुढच्या नळीतला प्रवास धरलेला नाही. व्यवहारात डॉक्टर 'तीन महिने' धरतात आणि ते ठीकच आहे. म्हणजे मे महिन्यात जे बिघडलं ते जुलै-ऑगस्टच्या रिपोर्टमध्ये दिसणार, आणि जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेत मावा (तंबाखू-सुपारीची पुडी) सोडला तर फरक बघायला निदान गुढीपाडवा उलटू द्यावा लागतो. महिन्याभरात परत टेस्ट करून 'काहीच फरक नाय' म्हणणारे इथंच चुकतात. शुक्राणूंच्या नॉर्मल आकड्याची खालची हद्दही हललीय, जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेत १९९९ पर्यंत एका मिलिलिटरला २ कोटी, २०१० मध्ये दीड कोटी, २०२१ च्या सहाव्या आवृत्तीत १ कोटी ६० लाख.

लंगोट आणि चड्डीबद्दल थोडक्यात. तालमीतल्या जुन्या समजुतीप्रमाणं घट्ट लंगोटानं वीर्य टिकतं. २०१८ मध्ये हार्वर्डच्या ६५६ पुरुषांवरच्या अभ्यासात सैल बॉक्सर घालणाऱ्यांच्या वीर्यात शुक्राणूंची दाटी, म्हणजे एका मिलिलिटरमागची संख्या, २५ टक्क्यांनी जास्त निघाली. व्यायामापुरता लंगोट बांधायला कोणाची हरकत नाही.

ताठरता हे रक्तवाहिन्यांचं काम. आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, वाहिनी सैल होते, रक्त भरतं (हा वायू शरीरात निरोप्याचं काम करतो या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं). लिंगाची रोहिणी १-२ मिलिमीटरची, हृदयाची ३-४ ची, म्हणून चरबी साठायला लागली की आधी बारीक नळी तक्रार करते, छातीत दुखणं काही वर्षांनी येतं, असं एक मत आहे आणि हृदयरोगतज्ज्ञ ते गंभीरपणे घेतात. चाळिशीच्या माणसानं ताठरतेची तक्रार आणली तर शुगर आणि बीपी तपासायचं ते यासाठी. डायबेटिसवाल्यांना हा त्रास इतरांपेक्षा १०-१५ वर्षं लवकर होऊ शकतो. मॅसॅच्युसेट्सच्या १९९४ सालच्या प्रसिद्ध अभ्यासात ४० ते ७० वयाच्या ५२ टक्के पुरुषांना कमीजास्त तक्रार होती, तेव्हा एकट्यालाच झालंय असं काही नाही.

सवयींमध्ये तंबाखू पहिली. विड्या सोलापुरात बायका घरोघरी वळतात आणि ओढतात पुरुष. धुरानं वाहिनीचं अस्तर खराब होतं यावर आता वाद नाही. माव्याचं, म्हणजे प्लास्टिकच्या तुकड्यात सुपारी, तंबाखू, चुना घालून तळहातावर घासघासून जी पुडी बनते तिचं, संशोधन कमी आहे. तरी २००५ मध्ये भारतात मूल होत नाही म्हणून तपासणीला आलेल्या सहाशेच्या वर पुरुषांमध्ये तंबाखू जितकी जास्त चघळली तितकं वीर्य खराब असं दिसलं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पुढचं सांगायला नको.

पोट हे दुसरं. पोटावरची चरबी पुरुषी संप्रेरकाचं स्त्री संप्रेरकात रूपांतर करते. इटलीत २००४ मध्ये ११० लठ्ठ पुरुषांपैकी निम्म्यांना दोन वर्षं आहार आणि व्यायाम नीट करायला लावला, त्या ५५ पैकी १७ जणांची ताठरता नॉर्मल झाली, नुसत्या सल्ल्यावर सोडलेल्या ५५ पैकी फक्त ३ जणांची. कडक भाकरी-शेंगाचटणीला दोष नाही, रात्री अकराच्या हॉटेलला आहे. दारूचं सगळ्यांना माहितीच आहे. झोपेचं असं, की टेस्टोस्टेरॉन, म्हणजे तेच पुरुषी संप्रेरक, झोपेतच वाढतं, २०११ मध्ये १० तरुणांना आठवडाभर पाचच तास झोपू दिलं तर ते १०-१५ टक्क्यांनी उतरलं. लूमवर आठवड्याआड रात्रपाळी करणाऱ्यानं हे वाचून काय करायचं हा प्रश्न आहेच. पहाटे ताठरता येते की नाही हे मात्र स्वतःला कळण्यासारखं असतं, येत असेल तर वाहिन्या बहुधा ठीक आहेत आणि अडचण मनाची आहे असं डॉक्टर समजतात.

शेवटी गोळ्या, कारण सवय सोडण्याआधी लोक इथंच येतात. मेडिकलच्या काउंटरवर बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत माणूस क्रोसिनची पट्टी उलटीपालटी करत उभा राहतो, मग हळूच नाव सांगतो, आणि पोरगं गोळी कागदात गुंडाळून देतं, चिठ्ठी विचारत नाही. सिल्डेनाफिल १९९८ पासून आहे आणि डॉक्टरनं दिली तर चांगली गोळी आहे, पण छातीत दुखतं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्यानं ती घेतली तर बीपी एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. 'शुद्ध आयुर्वेदिक' पुडीतही गुपचूप हीच मिसळलेली सापडलीय, तेव्हा पुडी घेणाऱ्यालाही धोका तोच. भिंतीवरच्या 'गुप्तरोग, गॅरंटी इलाज' जाहिराती १९५४ च्या औषधे आणि चमत्कारी उपचार कायद्यानं बेकायदा आहेत, रंगवणारा आणि वाचणारा दोघांनाही ते ठाऊक नसतं.