शांत चाललाय की गप्प झालाय?

ट्रेकला निघालो की गाडीतच वाद सुरू होतो. एकाचं म्हणणं, डोंगरात तरी जरा शांतता हवी. दुसरा म्हणतो, आठवडाभर कुणी कुणाला भेटत नाही, मग गप्पा मारायच्या कधी? त्र्यंबक रस्त्याला लागून नाशिकजवळच्या अंजनेरी किल्ल्याचा फाटा आला तरी हे मिटत नाही. मी कायम शांततेच्या बाजूचा. चढणीवर कमी बोलणं मला आजही आवडतं. पण बोलावं की न बोलावं यापेक्षा महत्त्वाचा एक फरक आहे आणि तो मला फार उशिरा कळला. शांत चालणं वेगळं, गप्प होणं वेगळं. मागून पाहिलं तर दोन्ही सारखीच दिसतात: पाठ, सॅक, एकापुढे एक पडणारी पावलं.

आपण हे शब्द कसे वापरतो ते ऐका. ‘त्याला गप्प केलं’, ‘ती गप्प बसली’, ‘तो एकदम गप्पच झाला’. प्रत्येक वेळी काहीतरी अडलेलं आहे, दाबलेलं आहे. ‘शांत’मध्ये तो दाब नाही. शांत माणसाकडे बोलायला काही नसतं असं नाही, त्याला त्या क्षणी बोलायची गरज वाटत नसते. गप्प माणसाकडे सांगण्यासारखं असतं, पण ते बाहेर येत नसतं.

एका ऑक्टोबरमध्ये आम्ही चौघं अंजनेरीला गेलो होतो. पाऊस संपून ऊन तापायला लागलेलं. आमच्यातला एक जण एरवी पायथ्यापासून माथ्यापर्यंत बोलतो. त्या दिवशी पायऱ्या चढून लेण्यांच्या पुढे गेल्यावर त्याचा आवाज बंद झाला. मला बरं वाटलं. यालाही आता डोंगर कळायला लागला, असं मनात आलं. पठारावर अंजनीमातेच्या मंदिरापाशी विचारलं, “ठीक ना रे?” तो म्हणाला, “हो.” “पाणी आहे?” “आहे.” आम्ही तळ्याकडे निघालो. अर्ध्या वाटेत त्याच्या पोटरीत गोळा आला, तो खाली बसला आणि डोळ्यांपुढे अंधारी येतेय म्हणाला. पाणी होतं, बाटली काठोकाठ भरलेली होती. सकाळपासून तो प्यायलाच नव्हता. सावलीत बसवून त्याला मीठ-साखरेचं पाणी घोट-घोट दिलं, तासाभराने हळूहळू खाली उतरवलं.

दोन दिवसांनी मिसळ खाताना त्याने जे सांगितलं ते माझ्या मनातून जात नाही. पायऱ्यांपासूनच त्याला मळमळत होतं. “पण तुम्ही सगळे इतके छान शांत चालला होता, मध्येच थांबवून मोडायचं कसं?” मला आवडणाऱ्या शांततेनेच त्याला गप्प केलं होतं.

मग हे ओळखायचं कसं? सगळ्यात खात्रीची खूण श्वासात आहे. बोलणं हे बाहेर सोडलेल्या श्वासावर चालतं. पूर्ण वाक्य बोलायचं तर श्वास हळूहळू, धरून सोडावा लागतो. चढ वाढला, शरीराला जास्त हवा लागायला लागली की ती मुभा राहत नाही, आणि माणूस आधी लांब वाक्यं सोडतो, मग छोटी, मग नुसते शब्द. म्हणूनच व्यायाम शिकवणारे ‘बोलता येतंय का’ हीच कसोटी लावतात: पूर्ण वाक्य सहज निघतंय तर श्रम मध्यम, दोन-तीन शब्दांवर दम लागतोय तर वेग जास्त झालाय.

यातून एक साधी गोष्ट निघते. “ठीक आहेस ना?” हा प्रश्न डोंगरावर कुचकामी आहे, कारण त्याचं उत्तर ‘हो’ असतं आणि ‘हो’ म्हणायला दम लागत नाही. त्याऐवजी असं विचारावं, की उत्तरात एक आख्खं वाक्य यावं लागेल. “काल घरी जेवायला काय केलं होतं?” शांत चालणारा मान वळवून सांगेल, “भरीत-भाकरी, आणि ठेचा इतका तिखट होता की विचारू नकोस,” आणि पुन्हा आपल्या चालण्यात रमेल. गप्प झालेला म्हणेल, “काही नाही.” किंवा चिडेल. चिडणं हीसुद्धा खूणच आहे. पाणी आणि पोटातलं कमी पडलं की भलीभली माणसं तुसडेपणाने बोलतात.

दुसरी खूण नजरेत. शांत माणूस इकडेतिकडे पाहतो, कारवीपाशी थांबतो, दरीतली घार हाताने दाखवतो. गप्प माणसाची नजर पुढच्याच्या टाचेवर खिळलेली असते. त्याचा पाय दगडाला ठेचकाळायला लागतो आणि रांगेत त्याच्यापुढचं अंतर वाढत जातं. म्हणून शेवटाला चालणारा अनुभवी हवा.

दमण्याशिवायही माणूस गप्प होतो. हरिहर किल्ल्याच्या त्या कातळपायऱ्या आठवा, जवळपास ऐंशी अंशांत उभ्या, धरायला दगडातच कोरलेल्या खोबण्या. तिथे सगळेच न बोलता चढतात आणि ते योग्यच आहे, लक्ष हातापायांवर हवं. पण त्या सगळ्यांत एखादा भीतीने गप्प असतो. पाच जणांसमोर ‘मला भीती वाटतेय’ म्हणणं सोपं नाही. त्याला वरून “काही नाही रे, ये” असं ओरडून सांगण्यापेक्षा पायऱ्या सुरू होण्याआधी बाजूला घेऊन विचारलेलं बरं, आणि तो इथेच थांबतो म्हणाला तर एकाने त्याच्यासोबत थांबावं. पायऱ्यांवर मात्र शांततेच्या भक्तानेही बोललंच पाहिजे: “थांब”, “मी खाली येतोय”, आणि पायाखालून काही निसटलं तर जिवाच्या आकांताने “दगड!”

गप्पाही माणसाला गप्प करतात, हे गप्पांच्या बाजूचे लोक विसरतात. पाच जुने मित्र कॉलेजचे किस्से सांगत चालले आणि सहावा पहिल्यांदाच आलेला, तर तो तासभर नुसता हसल्यासारखं करतो.

काही जागी न बोलणं हा आवडीचा प्रश्नच नाही. अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आहेत. हे गिधाड कातळाच्या कपारीत घरटं करतं आणि एका हंगामात एकच अंडं घालतं. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि देशभरातली संख्या कोसळली. २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध वापरण्यावर बंदी आली. उरलेल्या जोड्यांपैकी काही आपल्या घरापासून तासाभरावर आहेत. कड्याच्या टोकाला जाऊन प्रतिध्वनी ऐकण्यासाठी आरोळ्या ठोकणं, स्पीकरवर गाणी लावणं मला सहन होत नाही, आणि तिथे मी ते तोंडावर सांगतो. आग्या मोहोळाचंही तसंच. कड्याला लटकलेली काळी पोळी दिसली की आवाज खाली, सिगारेट बंद, दगड मारणं तर नाहीच.

उलट, धुक्यात शांतता घातक. श्रावण-भाद्रपदात पठारावर ढग उतरले की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. तेव्हा पुढच्याने हाळी द्यायची आणि शेवटच्याचं उत्तर येईपर्यंत पाऊल उचलायचं नाही.

आमच्या भागात चालण्याची आणखी एक जुनी रीत आहे. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरीला निघते तेव्हा दिंडीत ना कुणी शांत असतं, ना कुणी गप्पा मारत असतं. अभंग आणि टाळ पावलांना लय देतात. मागे पडणाऱ्याचा आवाज आधी मागे पडतो, आणि शेजारच्याला ते ऐकू येतं.

अंजनेरीच्या त्या दिवसानंतर आम्ही पायथ्याशीच बोलून ठेवतो. पहिला अर्धा तास मनसोक्त गप्पा, त्यातून आज कुणाचा आवाज कसा आहे ते कानाला कळतं. मग कुणीतरी विचारतं, “लेण्यांपासून मंदिरापर्यंत शांत चालूया का?” सगळ्यांनी हो म्हटलं तरच. आणि ती शांतता कुणीही, केव्हाही, कारण न सांगता मोडू शकतं, हे दर वेळी मोठ्याने सांगायचं. सांगितल्याशिवाय ते कुणाला खरं वाटत नाही.

गेल्या खेपेला पायऱ्यांच्या मध्यावर, सगळे शांत चाललेले असताना, मागून त्याच मित्राचा आवाज आला, “थांबा रे. बूट चावतोय.” आम्ही पाचही जण होतो त्या पायरीवर बसलो.